पाण्याचा जमाखर्च



वसंत व्याख्यानमालेत एका परिचारिकेने उभे राहून बोलावे, ही गोष्ट काहींना नवलाची वाटेल. या व्यासपीठावर साहित्य, इतिहास, राजकारण आणि अध्यात्म यांवर अधिकारवाणीने बोलणारे विद्वान येऊन गेले आहेत. आम्ही आयुष्यभर रुग्णांच्या उशापायथ्याशी वावरलो. आमच्या हाती ग्रंथ नव्हता, तक्ता होता. तथापि एका गोष्टीने आम्हांला धीर येतो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यातच सेवासदन उभे केले. परक्या माणसाचे मलमूत्र उचलणे हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे, असे मानणारा तो काळ. त्या काळात सेवासदनाने स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्याची वाट करून दिली. म्हणजे व्याख्यानमाला आणि शुश्रूषा यांचा ऋणानुबंध एकाच घरातला आहे. तेव्हा आज येथे शुश्रूषेविषयी बोललो तर ते अप्रस्तुत होणार नाही, अशी आमची समजूत आहे.

आजचा विषय आहे शरीरातील पाणी आणि क्षार यांचा समतोल. नाव जड आहे. विषय मात्र आपल्या दारातला आहे. या मंडपापासून पश्चिमेच्या अंगाला खाडी आहे आणि खाडीच्या काठाने तिवरांची दाटी आहे. भरतीचे खारे पाणी दिवसातून दोनदा त्या झाडांच्या मुळांशी येते. आपल्या कुंडीतली तुळस त्या पाण्यावर चार दिवसही जगणार नाही. तिवराचे झाड मात्र जगते, कारण मीठ किती आत घ्यावे आणि किती बाहेर टाकावे याची त्याच्यापाशी सोय आहे. बरेचसे मीठ ते मुळाशीच अडवते आणि जे आत शिरते ते पानांवाटे बाहेर टाकते. पावसाळा नसताना तिवराच्या पानाला बोट लावून जिभेवर ठेवा, खारट लागेल. आपल्या शरीरातही हेच काम अहोरात्र चालू असते. फक्त ते आपल्याला दिसत नाही.

साठ किलो वजनाचा धडधाकट पुरुष घेतला, तर त्याच्या शरीरात सुमारे ३६ लिटर पाणी असते. स्त्रीच्या शरीरात हे प्रमाण थोडे कमी आणि तान्ह्या मुलाच्या शरीरात पुष्कळ अधिक, म्हणजे वजनाच्या जवळजवळ पाऊण हिस्सा असते. या पाण्याचे दोन मोठे कप्पे आहेत. दोन हिस्से पाणी पेशींच्या आत, आणि एक हिस्सा पेशींच्या बाहेर. रक्तातले पाणी या बाहेरच्या हिश्श्यातलेच, आणि ते जेमतेम अडीच-तीन लिटर भरते. बाहेरच्या पाण्यात सोडियम प्रमुख, म्हणजे आपल्या मिठातला मुख्य घटक. आतल्या पाण्यात पोटॅशियम प्रमुख. रक्तात दर लिटरला सोडियम १३५ ते १४५ मिलिमोल आणि पोटॅशियम साडेतीन ते पाच मिलिमोल, एवढ्या अरुंद मर्यादेत शरीर हे प्रमाण सांभाळते. सोडियम फार घसरले की माणूस बरळू लागतो, झटके येतात. पोटॅशियम फार चढले किंवा फार उतरले की हृदयाचा ठोका चुकतो. म्हणून पोटॅशियमचे इंजेक्शन थेट शिरेत कधीही द्यावयाचे नाही, भरपूर पाण्यात मिसळून, ठरलेल्या संथ गतीनेच द्यावयाचे, हा धडा आमच्या व्यवसायात पहिल्यांदा घोकून घेतला जातो.

आता रोजचा जमाखर्च पाहू. पाणी, चहा, वरण, भाजी, फळे आणि खुद्द अन्नाच्या ज्वलनातून शरीरात तयार होणारे थोडे पाणी, अशी सारी मिळून दिवसाला दोन ते अडीच लिटरची जमा होते. खर्चाच्या बाजूला लघवीचा दीड लिटर, त्वचा आणि श्वास यांवाटे नकळत उडून जाणारे पाऊण-एक लिटर आणि शौचावाटे थोडेसे. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात घामाचा खर्च याहून वेगळा. आणि घामाबरोबर मीठही जाते. निरोगी माणसाला यातले काहीच मोजावे लागत नाही. जमा कमी पडली की तहान लागते आणि मूत्रपिंडे लघवी आवळून धरतात. जमा अधिक झाली की लघवी मोकळी सोडतात.

परंतु माणूस आजारी पडला की हे दोन्ही पहारेकरी दुबळे होतात. बेशुद्धाला तहान सांगता येत नाही. तान्ह्याला ती रडूनच सांगावी लागते आणि आई त्या रडण्याचा भलताच अर्थ लावते. म्हाताऱ्या माणसाची तहान वयाबरोबर बोथट झालेली असते. ज्याच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली आहे त्याला तोंडाने काही देता येत नाही. अशा वेळी शरीराचा हिशेब शरीराबाहेर कोणीतरी ठेवावा लागतो. तो कागदावर ठेवणारी व्यक्ती म्हणजे परिचारिका. रुग्णाच्या खाटेला अडकवलेला एक तक्ता आपण पाहिला असेल. त्यात एका बाजूला काय काय आत गेले आणि दुसऱ्या बाजूला काय काय बाहेर आले, हे तासवार लिहिलेले असते. येणाऱ्याजाणाऱ्याला तो कारकुनी कागद वाटतो. तो कारकुनी कागद नव्हे, हे आम्हांला कसे कळले, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. जरी ती आमच्या लौकिकात भर घालणारी नसली तरी.

आमचे शिक्षण चालू होते तेव्हाची ही हकिगत. मुंबईतल्या एका रुग्णालयात पुरुषांच्या शस्त्रक्रिया विभागात आमची रात्रपाळी होती. चाळीस खाटा आणि आम्ही दोघी शिकाऊ मुली. एका कोपऱ्यातल्या खाटेवर गिरणीतले एक वयस्कर कामगार होते. आतड्याची शस्त्रक्रिया होऊन दोन दिवस झाले होते, नाकातून नळी होती, अंगात ताप होता. पहाटे पाच वाजता तक्ते पुरे करावयाचे असत. आमचे डोळे मिटत होते. त्यांच्या खाटेखालची लघवीची बाटली उचलून मापात ओतावी एवढेही त्राण अंगात नव्हते. आदल्या पाळीने ४०० लिहिले होते. आम्हीही ४०० लिहिले आणि पुढच्या खाटेकडे वळलो.

सात वाजता सिस्टर आल्या. करड्या बाई, पण उगाच बोलणाऱ्या नव्हेत. त्या खाटेपाशी थांबल्या, रुग्णाची जीभ पाहिली, नाडी धरली, वाकून बाटली उचलली. बाटलीत जेमतेम साठ मिलिलिटर गडद लघवी होती. तक्ता आमच्यापुढे धरून त्यांनी एवढेच विचारले, “काय गं, हे मोजलंस की मांडलंस?”

आमच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्या गृहस्थांचे पाणी तापावाटे आणि नळीवाटे रात्रभर चालले होते, मूत्रपिंडांनी लघवी आवळून धरली होती, आणि आमचा तक्ता मात्र सारे ठीक असल्याची ग्वाही देत होता. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान तीसएक मिलिलिटर लघवी झाली पाहिजे, हे आम्हांला तोंडपाठ होते. पण पाठ असणे वेगळे आणि मोजणे वेगळे. डॉक्टर धावत आले, शिरेतून द्यावयाचे पाणी वाढवले, आणि तीन-चार दिवसांच्या काळजीनंतर ते गृहस्थ सावरले. सावरले, म्हणून आज आम्ही ही गोष्ट उघडपणे सांगू शकतो. सिस्टरांनी तक्रार लिहिली नाही. पण त्यांचा तो प्रश्न मात्र पुढे कधीही आमची पाठ सोडू शकला नाही, आणि आज तोच प्रश्न आपल्यापुढे ठेवण्यासाठी आम्ही येथे आलो आहोत.

मोजणे इतके महत्त्वाचे का, याचा उलगडा पटकीच्या इतिहासात होतो. आपल्या आज्या-पणज्यांना हा रोग मरीआईच्या कोपाने येतो असे वाटे. गावाची वेस ओलांडून मरीआईचा गाडा पुढच्या गावाच्या हद्दीत लोटला जाई. पंढरीच्या वारीच्या वाटेवर पटकीने कितीएक बळी घेतले. माणूस सकाळी धडधाकट असे आणि संध्याकाळी तिरडीवर. तो मरे कशाने? पटकीचे जंतू त्याला कुरतडून मारत नाहीत. ते आतड्यांना पाणी सोडावयास लावतात. जोराच्या पटकीत तासाला लिटरभर पाणी आणि त्याबरोबर क्षार निघून जातात. रक्तातल्या पाण्याचा साठा तो किती, हे मघाशी सांगितलेच. माणूस मरतो तो जमाखर्च तुटल्याने.

हे १८३१-३२ मध्येच काही डॉक्टरांच्या ध्यानात आले होते. विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टराने पटकीच्या रुग्णांचे रक्त तपासून त्यातले पाणी आणि क्षार कमी झाल्याचे दाखवले. पुढे याच गृहस्थाने हिंदुस्थानात तारायंत्र आणले. त्याचे म्हणणे वाचून स्कॉटलंडातल्या लीथ येथे थॉमस लाट्टा याने १८३२ मध्ये मरणोन्मुख रुग्णांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले आणि काही माणसे उठून बसली. परंतु निर्जंतुक पाणी कसे करावे हे त्या काळी ठाऊक नव्हते, आणि किती द्यावे याचाही अंदाज नव्हता. युक्ती मागे पडली. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी ती पुन्हा उचलली आणि पटकीचे मृत्यू पुष्कळ खाली आणले. तेव्हापासून शिरेतून सलाईन देणे हा राजमार्ग ठरला.

राजमार्ग खरा, पण तो रुग्णालयाच्या दारापर्यंतच जातो. ज्या गावात डॉक्टर नाही, सुई नाही, बाटली नाही, तेथे काय करावे? उत्तर आपल्या स्वयंपाकघरात होते, पण ते सापडावयास १९६० चे दशक उजाडले. आतड्याच्या अस्तरात साखर आणि मीठ यांना मिळून आत घेणारी एक वाट आहे. नुसते मीठ घातलेले पाणी जुलाबात फारसे शोषले जात नाही. त्यात बेताची साखर असली, की साखर मिठाला हाताशी धरून आत नेते आणि त्यांच्यामागून पाणी जाते. पटकीतही ही वाट शाबूत राहते, हा त्यातला चमत्कार. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी ते रुग्णांवर सिद्ध केले.

त्याची खरी कसोटी लागली १९७१ मध्ये. पूर्व बंगालातून लाखो निर्वासित आले, बनगावच्या छावणीत पटकी उसळली, आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी कलकत्त्यात मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांच्या पुड्या बांधून घेतल्या, छावणीत पिंपांतून ते पाणी केले आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती पेले दिले. आया, बहिणी, मुलगे जमिनीवर बसून आपापल्या माणसाला पाजत राहिले. शेकडा वीस-तीस माणसे दगावत होती, तेथे हे प्रमाण तीन-चारांवर आले. हे औषध देणारे हात पदवीधर नव्हते, हे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ मध्ये या शोधाला शतकातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटले. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये वारले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. त्याआधी त्यांचे नाव आपल्यापैकी किती जणांच्या कानांवर होते?

हे बंगालमध्ये घडत असताना आपल्या महाराष्ट्रातही एक मोठे काम उभे राहत होते. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले जामखेड हा दुष्काळी तालुका. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० मध्ये तेथे गेले. रुग्णालय बांधून रोगी येण्याची वाट पाहात बसण्याऐवजी त्यांनी गावांनाच आपली माणसे निवडावयास सांगितले. निवडल्या गेल्या त्या बायका. कितीतरी निरक्षर, काही गावकुसाबाहेरच्या. त्यांना जी विद्या शिकवली तीत मीठ-साखरेच्या पाण्याला मानाचे स्थान होते. ज्यांच्या हातचे पाणी गावाने कधी घेतले नव्हते, त्यांच्याच हातचे पाणी गावाच्या आजारी मुलांच्या ओठी लागले. यापेक्षा मोठी समाजसुधारणा ती कोणती? प्रकल्पाच्या नोंदीप्रमाणे १९७१ मध्ये दर हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत होती. १९९६ मध्ये ही संख्या २६ झाली. याचे श्रेय एकट्या मीठ-साखरेला नाही; लसी, सकस आहार, सुरक्षित बाळंतपण, विहिरी, सारेच त्यात आहे. पण वाटा मोठा आहे. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता जामखेडहून आपल्या चारकोपला येऊ. १९८० नंतरच्या वर्षांत जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने येथे लहान लहान भूखंड आखून दिले आणि मुंबईच्या चाळींतून, भाड्याच्या खोल्यांतून माणसे येथे आली. हाती पैसा येईल तशी एकेक भिंत उभी राहिली. आम्हीही त्यांतलेच. सेक्टरमध्ये एक सिस्टर राहतात एवढे कळले की रात्री-अपरात्री दारावर थाप पडे. पहिल्या एका पावसाळ्यात शेजारच्या गल्लीतली एक बाई वर्षाच्या मुलाला कडेवर घेऊन आली. “सिस्टरबाई, पुडी सगळी पाजली, तरी पोर पाण्यासाठी जीव टाकतंय,” असे म्हणाली. आम्ही विचारले, “पुडी कितीशा पाण्यात घातली?” तिने स्वयंपाकघरातला पेला सांगितला. लिटरभर पाण्याची पुडी तिने एका पेल्यात कालवली होती; औषध दाट असेल तर गुण लवकर येईल, हा तिचा सरळ विचार! मूल मिठाने तहानले होते. त्याला तत्काळ रुग्णालयात नेले म्हणून निभावले. माया त्या माउलीपाशी काय कमी होती? कमी होते ते माप.

म्हणून माप नीट सांगतो. सरकारी दवाखान्यात आणि औषधांच्या दुकानात मिळणारी जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात संपूर्ण घालावयाची. निम्मी पुडी, निम्मे पाणी असा व्यवहार करावयाचा नाही. लहान पुडी असेल तर तिच्यावर किती पाणी लिहिले आहे ते वाचावे. केलेले पाणी चोवीस तासांनंतर ओतून द्यावे. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चाखून पाहावे, डोळ्यांतल्या आसवांहून खारट लागता कामा नये. दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबानंतर पन्नास ते शंभर मिलिलिटर, त्याहून मोठ्याला शंभर ते दोनशे. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करावे. अंगावरचे दूध तोडू नये. मीठ घातलेली भाताची पेज, ताक, वरणाचे पाणी चालते. मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या द्याव्यात. डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश मागे गेली, मूल सुस्त पडले, पिईनासे झाले, सहा तास लघवी झाली नाही, किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी थांबू नये.

बाजाराविषयीही दोन शब्द सांगणे भाग आहे. रंगीत खोक्यांतली गोड पेये कितीएक वर्षे ‘ओआरएस’ या अक्षरांच्या आडोशाने औषधांच्या दुकानांत विकली गेली. खऱ्या जलसंजीवनीत लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असते. अशा काही पेयांत साखर कित्येक पटींनी अधिक. फार साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षे चिकाटीने झुंज दिली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राशी न जुळणाऱ्या पेयांवर ही अक्षरे छापण्यास मनाई केली. कायदा झाला तरी खोके वाचण्याचे काम आपले आपल्यालाच करावे लागते.

दुसरी एक समजूत आम्हांला फार खटकते. थोडा थकवा आला की माणसे दवाखान्यात जाऊन म्हणतात, “डॉक्टर, एक सलाईन लावा.” बाटली लटकली की उपचार झाल्यासारखे वाटते. त्या बाटलीत असते तरी काय? अर्धा लिटर साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चमचाभरही नाही. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर. एका पोळीतून मिळते त्याहून अधिक शक्ती त्यात नाही. जो पिऊ शकत नाही, ज्याची नाडी बुडते आहे, ज्याची ओकारी थांबत नाही, त्याला हीच बाटली प्राणदान देते; तेथे क्षणाचाही विलंब नको. पण जो खुर्चीत बसून पेला तोंडाला लावू शकतो, त्याला सुईची गरज क्वचितच असते. आणि ज्याचे हृदय दुबळे आहे त्याच्या शिरेत विचार न करता ओतलेले पाणी फुप्फुसांत साठून त्याचा श्वास कोंडू शकते.

समतोल म्हटला की त्याची दुसरी बाजूही आली. पाणी कमी पडण्याचे भय आपल्याला आहे. ते अधिक होण्याचे नाही. उन्हाळा आहे, घाम फार येतो, तेव्हा प्यावे हे खरेच. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील समारंभानंतर उष्माघाताने १४ माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही. पण “भरपूर पाणी प्या” हा उपदेश सर्वांना सारखा लागू नाही. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णाला डॉक्टरांनी पाण्याची मर्यादा घालून दिलेली असेल तर ती पाळावी. शहाळ्याचे पाणी निरोगी माणसाला उत्तम. पण ज्याची मूत्रपिंडे थकली आहेत त्याला त्यातले पोटॅशियम घातक ठरू शकते.

गेल्या काही वर्षांतलीच गोष्ट. आमच्या सोसायटीतल्या एका आजींना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती. कोणी सांगितले म्हणून त्यांनी मीठ जवळजवळ सोडले. आणखी कोणी सांगितले म्हणून त्या दिवसभर तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ लागल्या. आठवड्याभरात त्या घरच्यांना ओळखेनात. वय झाले, भ्रम झाला, असेच सारे म्हणू लागले. त्यांच्या सुनेने मात्र आमच्या सांगण्यावरून दोन दिवस वहीत सारे टिपले होते: किती पाणी, किती जेवण, कोणत्या गोळ्या, लघवी किती वेळा. ती वही पाहताच डॉक्टरांनी पहिल्यांदा रक्तातले सोडियम तपासावयास सांगितले. ते फार खाली गेले होते. रुग्णालयात ते हळूहळू वर आणले; हळूहळूच, कारण घाईने चढवले तर मेंदूला इजा होते. आजी पुन्हा नातवाला नावाने हाक मारू लागल्या. औषध डॉक्टरांनी दिले; पण रोगाचे दार दाखवले ते सुनेच्या वहीने.

आमचे मागणे एवढेच आहे. घरात कोणी आजारी पडले, विशेषतः तान्हे मूल किंवा वृद्ध माणूस, तर एक वही आणि एक मापाचा पेला उशाशी ठेवा. घरातला एक पेला आज रात्रीच मोजून ठेवा. तो किती मिलिलिटरचा आहे हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. एका पानावर ‘आत’ आणि ‘बाहेर’ अशी दोन घरे आखा. आत काय गेले ते पेल्याने मोजून लिहा. बाहेर काय आले, म्हणजे लघवी किती वेळा, रंग कसा, जुलाब आणि ओकाऱ्या किती, ताप किती, हे वेळेसह लिहा. हृदयाचा रुग्ण असेल तर रोज सकाळी, लघवीनंतर, एकाच काट्यावर वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर ते अंगावर चढलेले मांस नव्हे, साठलेले पाणी आहे. डॉक्टरकडे जाताना ती वही बरोबर न्या. “बरंच पाणी प्यायला” आणि “लघवी होतेय की” या वाक्यांपेक्षा दोन आकडे डॉक्टरला अधिक काही सांगतात.

रात्री जागरणाने डोळे मिटू लागतील, आणि मागच्या ओळीतलाच आकडा पुढे लिहून टाकावा असे वाटेल. आम्हांलाही वाटले होते. त्या वेळी आमच्या सिस्टरांचा प्रश्न स्वतःलाच विचारा: मोजलं की मांडलं? उत्तर ‘मांडलं’ असे आले, तर उठा, दिवा लावा आणि मोजा. रुग्ण अंधारात आपल्याच भरवशावर झोपलेला असतो.